चार्जिंगची केबल शंभराची असो की दीड हजाराची, तुटते मानेतच. मग जास्तीचे पैसे कशाचे?

रामबागकर

इंदूरच्या जेल रोडला डॉलर मार्केटात टॅबची केबल मागितली की पहिला प्रश्न येतो, "लोकल चाहिए या कंपनी की?" लोकल शंभर-दीडशेला, कंपनीची हजारापासून वर. माझं मत असं की दोन्हीकडे गिऱ्हाईक नागवलं जातं. लोकलवाले तांबं चोरतात, कंपनीवाले नावाचे पैसे लावतात. आणि तुटतात दोन्ही एकाच जागी, मानेत, म्हणजे पिनेच्या मागे दोन सेंटिमीटरच्या आत.

हिशेब मांडतो. केबलमध्ये पॉवर नेणाऱ्या तारा दोनच, लाल आणि काळी. त्यांची जाडी गेजमध्ये मोजतात. आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजची तार ०.३२ मिलिमीटर जाडीची, तिचा रोध (करंटला होणारा अडथळा) मीटरला ०.२१३ ओहम. एक मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन ०.४२६ ओहम. टॅबनं २ अँपिअर ओढले तर ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. अ‍ॅडॅप्टरनं ५ दिले, टॅबपाशी पोचले ४.१५. एवढं खाली टॅब जाऊ देत नाही. तो करंट कमी करतो आणि एक-सव्वा अँपिअरवर अडकतो. ८००० एमएएचची बॅटरी चार-पाच तासांत भरायची, ती सात-आठ तास घेते. मग घरातले म्हणतात टॅबची बॅटरी गेली. तीच केबल २४ गेजची असती तर घट ०.३४ व्होल्ट, २० गेजची असती तर ०.१३.

आता तांब्याचं वजन बघा. एक मीटर केबलच्या दोन्ही तारांत मिळून २८ गेजला जेमतेम दीड ग्रॅम तांबं लागतं, २० गेजला सव्वानऊ ग्रॅम. तांबं किलोला हजार रुपये धरा. फरक आठ रुपयांचा! आठ रुपये वाचवायला लोकांचे टॅब रात्रभर लटकवून ठेवतात.

पाकिटावर "सुपर फास्ट" मोठ्या अक्षरांत असतं, तार किती गेजची ते कुठेच नसतं. गेज छापणं सक्तीचं व्हायला हवं, शंभराच्या केबललाही आणि दोन हजारांच्याही.

पेचकस

रामबागकर, तांब्याचं गणित बरोबर, निष्कर्ष मान्य नाही. केबलचा खरा पैसा तारेत नसतो, टोकात असतो.

टाइप-सीच्या पिनेचं तोंड उजेडात धरून बघा. स्वस्त केबलला तो धातूचा कंगोरा पत्रा वाकवून केलेला असतो, एका बाजूला बारीक सांधा दिसतो. चार-सहा महिने काढ-घाल झाली की सांधा उकलतो, तोंड पसरतं आणि ते तोंड फोनच्या सॉकेटच्या मधल्या जिभेला घासत राहतं. जीभ जेमतेम एटीएम कार्डाच्या जाडीची, तिच्या दोन्ही अंगांना संपर्कपट्ट्या. ती मोडली की सॉकेट बदला; कित्येक फोनांत खालची अख्खी चार्जिंग पट्टीच बदलावी लागते. शंभराच्या केबलनं हजाराचं काम काढलं. चांगल्या केबलचा कंगोरा एकसंध असतो, आतल्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा जरा जाड असतो. याचे पैसे लागतात.

दुसरं, मानेत का तुटते? लोक पिनेला न धरता वायरीला धरून ओढतात. पलंगावर पडून फोन छातीवर उभा टेकवतात, सगळा भार खाली लावलेल्या पिनेवर. अ‍ॅडॅप्टरला घट्ट गुंडाळून बॅगेत कोंबतात. तांब्याची तार एकाच जागी वाकत राहिली की कडक होते आणि एकेक तंतू तुटत जातो. उरलेल्या तंतूंवर सगळा करंट येतो, मान गरम लागू लागते. मान कोमट लागली तर आत बरेच तंतू गेले असावेत असं धरा. केबल त्याच दिवशी बाजूला करा. हा वापराचा दोष आहे, कंपनीचा नाही.

सुदामानगर

हजाराची केबल घ्यायची आणि घरातल्या पोरांपासून लपवून ठेवायची, हे कुठलं शहाणपण? दीडशेवाल्या दोन घ्या, एक तुटली की दुसरी आहेच. वर्षाला चार गेल्या तरी सहाशे. पेचकसभाऊ, सॉकेटचं ठीक, पण पसरलेलं तोंड डोळ्यांनी दिसतं. दिसलं की फेकावी, संपलं.

मात्र फेकण्याआधी सॉकेट बघा, हे आवर्जून सांगते. पिन पूर्ण आत बसत नसेल, बाहेर नखाएवढी फट राहत असेल, तर केबल चांगली आहे आणि सॉकेटात खिशातला कापूस दाबून बसलाय. फोन बंद करायचा, लाकडी टूथपिक कडेकडेनं फिरवायची, मधल्या जिभेला लागू द्यायची नाही. सुई, टाचणी, पिन अजिबात नको. पावसाळ्यात तर आधी हेच बघायचं.

आणि "फेकावी" म्हणजे ओल्या-सुक्यात नाही हं. आपल्या कचरागाडीला ई-कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात.

अँपिअर

तिघांचंही अर्धवट आहे, कारण तुम्ही सगळ्या केबल एकाच मापानं मोजताय.

रामबागकरांचं गणित ५ व्होल्टचं आहे. आता बरेचसे टाइप-सी फोन आणि टॅब अ‍ॅडॅप्टरशी बोलून ९ व्होल्ट मागतात. ९ व्होल्टला २.२ अँपिअर म्हणजे २० वॅट. त्याच २८ गेजच्या केबलीत ०.९ व्होल्ट गेले तरी फोनपाशी ८ उरतात आणि त्याचं काम चालतं. बारीक तार सगळ्यात जास्त छळते ती जुन्या ५ व्होल्टच्या टॅबला आणि फोनला.

आता दुसरं टोक. दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्याच्या वर ५ अँपिअर हवे असतील तर केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप लागते. चिप नसेल तर अ‍ॅडॅप्टर ३ च्या वर देतच नाही. म्हणून "१०० वॅट" छापलेली दीडशेची केबल साठच्या वर गेली नाही, तर तार जाड असूनही ती खोटीच. आणि काही फोन कंपन्यांचं फास्ट चार्जिंग तर वेगळंच, १० व्होल्टला ६.५ अँपिअर असलं काही. तिथं कंपनीचीच केबल ओळखली जाते, दुसरी कितीही उत्तम लावा, वेग साध्या चार्जरचा. ही अडवणूक आहे, आणि माझा राग तिच्यावर आहे. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून फोन आणि टॅबला टाइप-सी सक्तीचं झालं. आपल्याकडे बीआयएसनं (भारतीय मानक ब्युरो) जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक काढलं. खाच एक झाली, पण फास्ट चार्जिंगची भाषा प्रत्येकाची वेगळीच राहिली.

स्वस्त केबलीचा खरा धोका तर कुणी काढलाच नाही. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप-सी असलेल्या केबलीत टाइप-सीच्या टोकात ५६ किलोओहमचा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा बारीक तुकडा) असायला हवा. तो फोनला सांगतो की समोरचा चार्जर साधा आहे, जपून ओढ. तिथं १० किलोओहमचा बसवला तर फोन समजतो की समोर ३ अँपिअरचा चार्जर आहे, आणि जुन्या १ अँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरला किंवा लॅपटॉपच्या सॉकेटला पिळतो. २०१५ मध्ये गुगलचे इंजिनिअर बेन्सन लिउंग यांनी बाजारातल्या केबली एकामागून एक तपासून हा प्रकार चव्हाट्यावर आणला होता. सुदामानगरताई, हा दोष डोळ्यांनी दिसत नाही. दीडशेच्या दोन घेतल्या तर धोकाही दोनदा.

रामबागकर

अँपिअर, ९ व्होल्टचा मुद्दा मानला, मांडणीत तो राहिला होता. पण घराघरातले मुलांचे कितीतरी टॅब अजून ५ व्होल्टचेच आहेत आणि केबल सगळ्यात जास्त तिथंच लागते.

पेचकसभाऊंचं "वापराचा दोष" मात्र अजिबात मान्य नाही. इस्त्रीची वायर बघा. ती दिवसभर हलते, पीळ खाते, ओढली जाते. म्हणून तिच्या मानेला चार-पाच बोटं लांब रबरी नळी असते, वाकण एका जागी न येता सगळ्या लांबीवर वाटलं जातं. इस्त्री करताना वायर हलली म्हणून कुणी बाईमाणसाला दोष देत नाही. फोन चार्जिंगला लावून लोक बोलणार, बघणार, पडून वाचणार. हाच वापर आहे. मग मानेचं रबर अर्धा-पाऊण सेंटिमीटरचं आणि दगडासारखं कडक कशाला? कडक रबर असून नसल्यासारखं. ते जिथं संपतं तिथंच तार मोडते. महागड्या केबलींतसुद्धा सडपातळ दिसावं म्हणून हे रबर आखूड ठेवतात. दिसण्याचे पैसे आपण द्यायचे आणि सहा महिन्यांनी परत द्यायचे.

कल्हईवाला

तुटलेली केबल फेकायचीच कशाला? वीस मिनिटांचं काम आहे.

आधी तुटलेली जागा शोधा. केबल लावून मानेपासून एकेक इंच वाकवत जा, चार्जिंग लागतं-जातं ती जागा. तिच्या दोन्ही बाजूंनी थोडंथोडं सोडून कापा; अगदी पिनेला लागूनच तुटली असेल तर हे जमत नाही. जोडण्याआधी हीट श्रिंकची (तापवली की आवळणारी) जाड नळी केबलवर सरकवून ठेवा. नंतर ती घालता येत नाही आणि सगळे हीच चूक करतात. लाल, काळी, हिरवी, पांढरी अशा चार तारा निघतील. लाल-काळी पॉवरच्या, हिरवी-पांढरी डेटाच्या. प्रत्येकीचं पाच-सहा मिलिमीटर आवरण काढा, बारीक हीट श्रिंक घाला, तंतू पिळून आधी कल्हई करा, म्हणजे सोल्डरचं शिसं चढवा, मग रंगाला रंग जोडून डाग द्या. चारही सांधे एकाच जागी आणू नका, पायरी-पायरीनं मागेपुढे ठेवा म्हणजे गाठ होत नाही. शेवटी बाहेरची नळी तापवून आवळा. आतून गोंद असलेली मिळाली तर उत्तम.

कापल्यावरच कळतं दुकानदारानं काय विकलंय. एक तंतू ब्लेडनं खरवडा. आत लालच निघाला तर तांबं. आत पांढरा निघाला आणि दोन घड्यांत मोडला तर अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, त्याचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. वरून पांढरी, आत लाल असेल तर ती कल्हई केलेली तार, ती चांगली. मुलामा निघाला की खालच्या अ‍ॅल्युमिनियमवर शिसं धरत नाही, त्या केबलीवर वेळ घालवू नका.

पेचकस

हा सल्ला सरसकट देऊ नका, कल्हईवाले. ५ व्होल्ट २ अँपिअरला ठीक. सांधा कच्चा राहून ०.०५ ओहम रोध आला तर उष्णता होते ०.२ वॅट, हाताला कळणारही नाही. तोच कच्चा सांधा ६.५ अँपिअरच्या केबलीत आला तर दोन वॅटच्या वर, तेही मुगाच्या दाण्याएवढ्या जागेत, वर प्लास्टिकची नळी, खाली गादी. दोन्हीकडे टाइप-सी असेल तर पाचवी तार असते, ती जुळली नाही तर चार्जिंग लागतच नाही. २० वॅटच्या पुढची केबल जोडायची नाही, हे मी काउंटरवर प्रत्येकाला सांगतो.

कल्हईवाला

२० वॅटची मर्यादा मान्य. साध्या केबलीपुरतंच समजा.

सुदामानगर

बरं, रेझिस्टर दिसत नाही, तांबं दिसत नाही. मग दुकानात उभं राहून करायचं काय? दोन ओळींत सांगा. दुकानदार म्हणतो "कंपनी जैसी ही है", आणि आपण मान डोलावतो.

अँपिअर

दुकानदाराकडे यूएसबी मीटर (किती व्होल्ट, किती अँपिअर जातात ते दाखवणारा) असेल तर तो मागा, नसेल तर स्वतःचा घ्या, हजाराच्या आत येतो. फोन तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान असताना तपासा. ऐंशीच्या वर फोन स्वतःच करंट कमी करतो आणि चांगली केबलही वाईट दिसते. एकाच अ‍ॅडॅप्टरवर, त्याच फोनला दोन केबली लागोपाठ लावा. व्होल्ट सारखे असताना जिच्यावर अँपिअर जास्त, ती घ्या. रेझिस्टरची भीती नको असेल तर दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल आणि तसाच अ‍ॅडॅप्टर घ्या, तो प्रश्नच उरत नाही.

पाकिटावर एमआरपी आणि बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता नसेल तर परत द्या, तो कायद्यानंच छापावा लागतो. सहा महिन्यांची वॉरंटी असेल तर बिल घ्या आणि घरी आल्याबरोबर त्याचा फोटो काढा, कारण तो कागद तोवर कोरा होतो. बदलून देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पेचकस

एक भर. वरच्या धाग्याच्या विणीला भुलू नका. वीण बाहेरची, तार आतली. विणलेल्या जाड केबलीतही २८ गेज निघते. मान दोन बोटांत धरून वाकवा: गोल कमान झाली तर बरी, काटकोनात मोडल्यासारखी दुमडली तर ठेवून द्या. आणि रामबागकर, इस्त्रीचं उदाहरण पटलं. लांब मानेची केबल काउंटरवर ठेवली तर लोक "जुन्या पद्धतीची" म्हणून घेत नाहीत, हेही खरं.

सुदामानगर

आमच्याकडे प्लग पलंगापासून लांब आहे, दोन मीटरची केबल घ्यावी का?

रामबागकर

नको. लांबी दुप्पट म्हणजे घटही दुप्पट. ५ व्होल्ट लांब नेण्यापेक्षा २३० व्होल्ट जवळ आणा: चांगला एक्स्टेन्शन बोर्ड पलंगाशी, आणि त्यावर अर्ध्या किंवा एक मीटरची केबल. दोन मीटरच हवी असेल तर २० किंवा २२ गेज लिहिलेलं दाखवा म्हणायचं. लिहिलेलं नसेल तर पुढचं दुकान.