तळहातावरचे डाग जात नाहीत, आजार गेला की नाही? (मदत हवी आहे)

नमस्कार. हा आयडी आजच काढलाय, जुन्या आयडीने मला इथे दोघी-तिघी ओळखतात. घरात कुणाला विचारायची सोय नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पाठीवर, पोटावर आणि तळहात-तळपायांवर तांबूस पुरळ आलं. खाज नव्हती, दुखत नव्हतं. आधी ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. मग ओरोसला दाखवलं, रक्त तपासलं तेव्हा सिफिलिस (गुप्तरोग) निघाला. व्हीडीआरएल, म्हणजे या आजाराच्या रक्ततपासणीचा आकडा, १:३२. नवरा बोटीवर असतो, बाकी समजून घ्या. दोघांनाही पेनिसिलिन दिलं, कमरेत दोन्ही बाजूंना. त्या रात्री मला सडकून ताप आला, पण तो येऊ शकतो हे सिस्टरनी आधीच सांगितलं होतं. एचआयव्ही निगेटिव्ह आहे, तीन महिन्यांनी परत केला तोही निगेटिव्ह.

पुरळ गेलं. तळपाय स्वच्छ आहेत. पाठीवर मात्र काळपट ठिपके राहिलेत. आणि तळहात! दोन्ही हातांवर तपकिरी-काळे डाग, कातडी सोलवटते, बोटांच्या पेरांशी भेगा, रात्री खाज. सहा महिन्यांनंतरचा व्हीडीआरएल १:८ आला. तरी मनाची खात्री होईना म्हणून बाहेरच्या एका लॅबमध्ये टीपीएचए केली, ती पॉझिटिव्ह. काउंटरवरच्या मुलाने "आजार आहे अजून" असं चारचौघांत सांगितलं.

मी काजूच्या कारखान्यात जाते. बाजूला बसणाऱ्या बायका हाताकडे बघतात. मुलगी माझ्याच हातचं जेवते, तिला काही होईल का? परत इंजेक्शन घ्यावं लागेल का?

रानमेवा:
ताई, आधी पोटातली उष्णता काढा. कोकमाचं आगळ चोळा, सारिवा-मंजिष्ठाचा काढा घ्या. माझ्या सासूबाईंचं अंगावरचं पित्त यानेच जातं.

दर्यावर्दी:
रानमेवा, पित्ताच्या गांधींना आगळ ठीक. इथे भेगा पडलेल्या हातावर आंबट चोळायला सांगताय? ताई, नका करू.

त्वचावाला:
मी त्वचारोगाच्या ओपीडीत काम करतो. फोटो टाकू नका, इथे कुणी बघून निदान करणार नाही, पण कागद वाचता येतात.

१:३२ वरून १:८ म्हणजे दोन पायऱ्या खाली, चौपट घट (३२, १६, ८). सहा महिन्यांत एवढी घट म्हणजे औषध लागू पडलंय. टीपीएचए वेगळी तपासणी आहे. एकदा सिफिलिस होऊन गेला की बहुतेकांची ती जन्मभर पॉझिटिव्ह राहते. तिच्यावरून आजार बरा झाला की नाही हे ठरतच नाही. त्या मुलाने निकाल सांगायलाच नको होता, तोही चारचौघांत. पुढचा व्हीडीआरएल बारा महिन्यांचा. तो शक्यतो पहिल्याच लॅबमध्ये करा, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात.

पाठीवरचे ठिपके म्हणजे पुरळ बसल्यावर मागे राहिलेला रंग. भाजावळ झालेली जमीन काळी दिसते, पण आग विझलेली असते, तसं. आपल्या सावळ्या कातडीत तो जायला कित्येक महिने लागतात. त्यात जंतू नसतात. गोरं करणारी ट्यूब मेडिकलमधून आणून लावू नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि कातडी पातळ होते.

हातांबद्दल मला वेगळीच शंका आहे. कारखान्यात तुमचं काम काय?

धागाकर्ती:
बी फोडायचं. हातमोजे मिळतात, पण ते घालून हात चालत नाही आणि पैसे किलोवर. एरंडेल लावून बसतो सगळ्या.

काजूवाली:
मग ताई, बाजूच्या बायकांचे हात बघितलेत का? मी काही वर्षं हेच काम केलं. टरफलातला चीक लागला की हात काळे होतात, सालं निघतात, भेगा पडतात. लग्नाच्या मोसमात आम्ही हात पदरात लपवायचो! मला कुठलाही आजार नव्हता.

त्वचावाला:
काजूवालींनी माझं काम केलं. टरफलातलं तेल कातडी भाजतं, काहींना त्याची ॲलर्जीही होते. सिफिलिसचं पुरळ सहसा खाजत नाही, आणि उपचारानंतर ते तळपायांवरून गेलं तर हातांवरच अडून बसायला कारण नाही. तुमचे तळपाय स्वच्छ, हात खाजतात, भेगाही आहेत. संशय काजूवरच जातो. तरी हात प्रत्यक्ष दाखवा आणि कामाचं आधी सांगा. डॉक्टर व्यवसाय विचारतीलच असं नाही.

मुलीची भीती काढून टाका. ताट, पाणी, भाकरी यांतून हा आजार जात नाही. परत इंजेक्शन आत्ताच्या कागदांवरून तरी लागत नाही. आकडा पुन्हा चौपट वाढला, किंवा तोंडात, खाली जखम, नवं न खाजणारं पुरळ आलं, तर मात्र तारखेची वाट न बघता जा.

एक विचारायचं राहिलं. नवऱ्याचा सहा महिन्यांचा आकडा किती?

धागाकर्ती:
त्यांनी केलाच नाही. इंजेक्शन घेतलं, झालं म्हणतात. तेव्हापासून बहुतेक बोटीवरच आहेत.

त्वचावाला:
तिथे गाडी अडू शकते. एकदा बरा झाला म्हणून हा आजार पुन्हा होत नाही असं नाही, आणि नवऱ्याला परत लागला तर तुम्हालाही लागेल. त्यांचा रिपोर्ट येईपर्यंत निरोध वापरा. बाळाचा विचार असेल तर दोघांचे रिपोर्ट बघूनच. दिवस राहिले तर पहिल्याच तपासणीत हा आजार होऊन गेल्याचं सांगा, कारण पोटातल्या बाळाला तो लागू शकतो.

दर्यावर्दी:
मी स्वतः बोटीवर होतो. मासेमारी बंदी लागली, १ जूनपासून, की सगळे घरी असतात. पण तोवर थांबू नका, शिमग्याला येतीलच ना? सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक (गुप्तरोगांचा दवाखाना) असतं, तिथे तपासणी-औषध फुकट. समुपदेशक पुरुषांशी वेगळं बोलतात. बायकोने सांगितलेलं आमच्या लोकांना पटत नाही, तिथलं पटतं. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन केला तर मराठीत विचारता येतं.

धागाकर्ती:
येणार आहेत शिमग्याला. पालखी घरी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी घेऊन जाते. दोघांचे जुने कागद चालतील का, की नवीन केसपेपर काढावा लागेल?

त्वचावाला:
केसपेपर नवीन, जुने कागद सोबत. १:३२ चा पहिला रिपोर्ट विसरू नका. आणि त्या दिवशी हाताला एरंडेल लावू नका, डाग नीट दिसू देत.