कयाकसाठी फिश फाइंडर: साधा जीपीएसवाला की साइड इमेजिंगवाला?

धागाकर्ता
मंडळी, मनोरी-गोराईच्या खाडीत दोन वर्षं कयाकवरून गळ टाकतोय. आता फिश फाइंडर घेणार आहे. माझं मत आधीच मांडतो: चार-पाच इंची पडदा, साधा २०० किलोहर्ट्‌झचा सोनार (पाण्यात ध्वनिलहरी सोडून खोली, तळ आणि मासे दाखवणारा) आणि आत जीपीएस, एवढं पुरे. साइड इमेजिंगला, म्हणजे कयाकच्या दोन्ही बाजूंचं पाण्याखालचं चित्र दाखवणाऱ्या सोनारला, पैसे घालू नयेत.

गेल्या वर्षी उधाणाच्या ओहोटीला, जिताडा मासा लागेल या आशेने खाडीच्या एका फाट्यात थांबलो. बघता बघता पाणी उतरलं आणि कयाक चिखलात बसली. उतरलो असतो तर मांडीपर्यंत रुतलो असतो. चार तास तिवरांकडे बघत भरतीची वाट पाहिली. आपल्याकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. मासा कुठे आहे यापेक्षा खोल पाणी कुठून जातं हे आधी कळायला हवं. जाताना जीपीएसवर वाट उमटलेली असली की तिच्यावरूनच परत येता येतं.

प्रतिसाद १
अजिबात पटलं नाही. २०० किलोहर्ट्‌झचा झोत साधारण २० अंशांचा असतो. तीन मीटर पाण्यात तळावर जेमतेम एक मीटरचं वर्तुळ दिसणार, म्हणजे कयाकच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. जिताडा तुमच्या बुडाखाली येऊन थांबतो का? तो तिवरांच्या मुळांशी, पुलाच्या खांबाआड, बुडालेल्या ओंडक्याजवळ दबा धरतो. उथळ पाण्यात साइड इमेजिंग दोन्ही अंगांना खोलीच्या कितीतरी पट लांबचं दाखवतं. भाईंदरच्या रेल्वेपुलाजवळ मला एका बुडालेल्या होडीचा सांगाडा दिसला, फासळ्या मोजता येतील इतका स्पष्ट. वरून जाणाऱ्याला तिथे नुसतं गढूळ पाणी दिसतं. त्या जागेने मला आजवरची सगळ्यात चांगली तांबोशी (लालसर मासा) दिली.

धागाकर्ता
तांबोशीबद्दल अभिनंदन! पण ते चित्र नीट यायला एका वेगाने सरळ रेषेत चालावं लागतं. वल्हं मारताना कयाक डुलते, आणि गळ टाकून थांबलो की चित्र ताणलं जातं. शिवाय साधा सोनारही तळाबद्दल बरंच सांगतो. मऊ चिखलाची रेष फिकट आणि पसरट येते, खडकाची उजळ आणि ठसठशीत, कधी खाली तिची दुसरी सावलीही पडते. चिखलात एखादं कडक बेट सापडलं की तिथे खूण करायची.

प्रतिसाद २
दादा, मी मढची, घरची होडी आहे. बाबा दोरीला शिसं बांधून पाणी वावांत (दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या मापात) मोजायचे आणि वर आलेल्या शिशाला चिखल लागलाय की रेती ते बोटाने चोळून बघायचे. अजून एक वर्ष यंत्र घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही अडकलात ते फाइंडर नव्हता म्हणून नाही. उधाणाच्या ओहोटीला फाट्यात शिरलात म्हणून. तिथी बघा, भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत खाडी शिका, तेव्हा पाणी कमी उतरतं आणि ओढही कमी असते. आधी चांगलं लाइफ जॅकेट घ्या. आणि एक कळकळीची विनंती: डोलीच्या (खाडीत रोवून लावलेल्या जाळ्याच्या) खुंटाला कयाक बांधू नका. तुमचा गळ आमच्या जाळ्यात अडकला की जाळं फाटतं आणि अख्खा दिवस शिवण्यात जातो.

प्रतिसाद ३
ट्रान्सड्यूसर, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा आणि परत टिपणारा भाग, कुठे बसवणार ते आधी ठरवा. साधा सोनार कयाकच्या आतून, प्लास्टिकला चिकटवूनही चालतो, फक्त मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये. पाण्याचं तापमान मात्र तसं कळत नाही. साइड इमेजिंगचा ट्रान्सड्यूसर पाण्यातच हवा, आणि आपल्या उथळ खाडीत कयाक ओढत किनाऱ्याला लावताना तोच आधी आपटतो. बॅटरी लिथियमची घ्या, शिशाची उचलून खांदा दुखतो. घरी आल्यावर कनेक्टर गोड्या पाण्याने धुवा.

प्रतिसाद १
ट्रान्सड्यूसर वर उचलता येईल असा दांडा बसवला की आपटत नाही, माझा तसाच आहे. धागाकर्ते, येत्या भांगाला भाईंदरला या, माझ्या कयाकवर बसून वल्हं मारता मारता पडदा बघा.

धागाकर्ता
येतो. ताई, तुमचं खुंटाचं म्हणणं मान्य, मी दोनदा बांधली होती, यापुढे नाही. शिसं आणि दोरीही सोबत आणतो. पडद्यावरचा आकडा आणि दोरीचे वाव जुळतात का, तेही तिथेच बघू.