मदत हवी आहे: सीएमव्ही लागलेल्या पेशींतलं लिपिड वाढायला हवं होतं, वाढलंच नाही

पिपेटवाली

नमस्कार मंडळी. जीवरसायन किंवा विषाणूशास्त्रातलं कोणी इथे फिरकत असेल तर हात द्या.

पीएचडीचं दुसरं वर्ष. विषय: ह्यूमन सायटोमेगॅलोव्हायरस (पुढे नुसता सीएमव्ही) पेशीत शिरल्यावर तिच्या लिपिडचं, म्हणजे मेदाचं, काय होतं. घरी ‘हर्पीसच्या कुळातला विषाणू’ एवढंच सांगितलं, तर आत्या म्हणाली, “अगं बाई, म्हणजे नागीण!” नागिणीचा विषाणू याच कुळातला, पण चुलत घरातला. असो.

विषाणूला बाहेर पडताना मेदाचं आवरण लागतं आणि ते बनवायचं यंत्र त्याच्याकडे नाही, म्हणून तो पेशीला राबवतो. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या मंगर, राबिनोविट्झ, शेंक वगैरेंनी दाखवलं की सीएमव्ही लागल्यावर ग्लुकोजमधला कार्बन मेदाम्लांकडे जोरात वळतो, आणि सी७५ किंवा टोफा ही मेदाम्ल बनणं रोखणारी रसायनं देऊन ती वाट अडवली की विषाणूची वाढ खाली येते. हे वाचून मी बसले होते की लिपिड धो धो वाढलेलं दिसणार.

माझा प्रयोग असा: मानवी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतकातल्या पेशी), प्लेट पूर्ण भरलेली, माध्यमात (पेशींच्या द्रव खुराकात) १० टक्के सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव). संसर्गानंतर ९६ तासांनी पेशी काढल्या, क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने लिपिड वेगळं केलं, मास स्पेकवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलं. आकड्याला पेशींतल्या एकूण प्रथिनाने भागलं. फॉस्फॅटिडिलकोलिन (पीसी, पेशीच्या पडद्यातलं एक मुख्य लिपिड) संसर्ग नसलेल्या प्लेटइतकंच! तीनदा केलं, तीनदा तेच. गाईड म्हणाले, “पुन्हा कर.” पुन्हा करायला हरकत नाही, पण चुकतंय कुठे ते कळल्याशिवाय करून उपयोग काय? विषाणू नीट लागलाय, पेशी फुगलेल्या डोळ्यांनी दिसतात. मायकोप्लाझ्मा (पेशींच्या प्लेटमध्ये घुसणारा जिवाणू) तपासलाय, नाही.

चहाबाज

कंट्रोल प्लेटला काय घातलं होतंस? नुसतं माध्यम, की निरोगी पेशींवरून काढलेलं? विषाणूच्या साठ्यातही जुन्या पेशींचा कचरा आणि सीरमचं लिपिड असतं.

पिपेटवाली

नुसतं माध्यम. 😐

वस्तुमान

पिपेटवाली, तुमचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: “पेशी फुगलेल्या डोळ्यांनी दिसतात.” नावातच ‘मेगॅलो’, म्हणजे मोठा, आहे. पेशी मोठी झाली की प्रथिनही वाढतं. वर लिपिड वाढलं, खाली प्रथिन वाढलं, भागाकार जिथल्या तिथे. डीएनएने भागायचा मोह होईल, तोही टाळा. या विषाणूचा जीनोम सुमारे २ लाख ३५ हजार बेसजोड्यांचा आणि तो पेशीत त्याच्या ढीगभर प्रती काढतो, तेव्हा तो आकडा पेशींचा राहत नाही. सोबत एक जोडीची प्लेट ठेवा, त्यातल्या पेशी मोजा आणि पेशीसंख्येने भागा. प्रमाणित लिपिड (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत घालायचं) मात्र अर्क काढायच्या आधी मिसळा. नंतर मिसळलं तर गळती किती झाली ते कळत नाही.

पण खरी गोम वेगळीच असावी असं मला वाटतं. तुम्ही एकूण पीसी मोजताय. कपाटात दहा साड्या होत्या, आजही दहाच आहेत. पण सहावारीच्या जागी नऊवारी आल्या असतील तर? सीएमव्हीचा सगळा खेळ शेपटीच्या, म्हणजे लिपिडला जोडलेल्या मेदाम्लाच्या, लांबीत आहे. २०१५ मध्ये पर्डी, शेंक आणि राबिनोविट्झ यांनी दाखवलं की हा विषाणू ईएलओव्हीएल७ नावाचं मेदाम्ल लांबवणारं एन्झाइम वाढवतो. त्यातून फार लांब, संपृक्त मेदाम्लं तयार होतात आणि ती विषाणूच्या आवरणातही जातात. ते एन्झाइम कमी केलं की बाहेर पडणारा विषाणू कमी होतो आणि जो निघतो तोही तितकासा संसर्गक्षम नसतो. पुढे पर्डी यांच्याच गटाने फॉस्फोलिपिडमध्ये या लांब शेपट्या वाढतात हे दाखवलं.

तेव्हा ‘पीसी’ असा एकच खांब काढू नका. दोन्ही शेपट्या मिळून ३४ कार्बनचं वेगळं, ३६चं वेगळं, ४०च्या पुढचं वेगळं. आणि यंत्रावर बघा: लांब शेपट्यांचे रेणू स्तंभातून (मास स्पेकच्या आधी रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून) उशिरा उतरतात. धावणी (नमुन्याची यंत्रातली फेरी) लवकर संपवत असाल तर ते बाहेर यायच्या आत तुम्ही दार लावताय.

चहाबाज

नऊवारीला शंभर मार्क. सीरमबद्दल मी बोलतो. १० टक्के सीरम म्हणजे पेशीला आयतं ताट. तिने मेद स्वतः रांधला की वाढलेला खाल्ला, हे तुझ्या आकड्यांतून कळणारच नाही. संसर्गाआधी सीरम काढ आणि ज्यातले सगळे कार्बन जड (कार्बन-१३) आहेत असं ग्लुकोज दे. मग नवं मेदाम्ल आपोआप जड दिसेल. गंमत म्हणजे ग्लुकोजचा कार्बन सिट्रेट होऊन मायटोकॉन्ड्रियाबाहेर मेदाकडे जातो आणि आत पडलेली खोट ग्लुटामिन भरून काढतं. त्यामुळे माध्यमातलं ग्लुटामिन जुनं झालेलं नाही ना, तेही बघ. ३७ अंशांवर ते हळूहळू तुटतं.

सांगलीचा_भाचा

मी यातला नाही, पण प्रश्न पडला. आमच्या मामींना नागीण उठली होती, तेव्हा शेजारच्या काकूंनी तूप बंद करायला लावलं. विषाणूला मेद लागतो म्हणता, मग काकू बरोबर होत्या की काय?

वस्तुमान

नाही हो. वर लिहिलंय तो मेद पेशी स्वतः साखरेपासून बनवते, पानातल्या तुपाशी त्याचा संबंध लावू नका. शिवाय हे सगळं सीएमव्हीबद्दल आहे. नागिणीत खरी घाई औषधाची असते. विषाणूविरोधी गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या, म्हणून आधी डॉक्टर, काकू नंतर.

कुळाचं निघालंच आहे तर: पिपेटवाली, प्रबंधात सरसकट ‘हर्पीसविषाणू’ लिहू नका. २०११च्या एका तुलनेत सीएमव्हीने कार्बन मेदाकडे वळवलेला दिसला, तर ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पीस सिम्प्लेक्स-१ने पिरिमिडिन न्यूक्लिओटाइडकडे (डीएनए-आरएनएच्या घटकांकडे). एक चार दिवस निवांत राबवून घेतो, दुसरा दिवसभरात पेशी संपवून मोकळा.

पिपेटवाली

सगळ्यांचे आभार. काल रात्री जुनाच कच्चा डेटा पुन्हा उघडला. आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीत पीसी ४० कार्बनला संपत होतं! यादी वाढवली, तर संसर्गवाल्या नमुन्यांत पुढे शिखरांची रांग, कंट्रोलमध्ये जेमतेम. धावणीच्या शेवटी अर्धवट कापलेलीही काही दिसली. म्हणजे दार खरंच लावत होते.

एक शंका. त्याच वस्तुमानाला इथर लिपिड (एक शेपटी वेगळ्या बंधाने जोडलेलं) किंवा विषम कार्बनचं पीसीही बसू शकतं ना? नऊवारीच आहे हे कसं ठरवू?

वस्तुमान

रेणू तोडून बघा. ऋण मोडमध्ये (ऋणभारित तुकडे मोजताना) पीसीच्या शेपट्या सुट्या होऊन मेदाम्ल म्हणून दिसतात. २६ कार्बनचा तुकडा मिळाला तर वाद संपला. इथर असेल तर त्या बाजूची शेपटी तशी सुटून येणार नाही.

पिपेटवाली

कळलं. गुरुवारी यंत्र मिळतंय. यावेळी सीरमविना, कंट्रोलला निरोगी पेशींवरचं माध्यम, मोजायला जोडीची प्लेट. गाईडना अजून काही बोलले नाही, आधी तो तुकडा दिसू दे. आज लिक्विड नायट्रोजन भरायची पाळी माझी आहे, त्यामुळे उत्तराला उशीर झाला तर रागावू नका.