वेरूळजवळ तीन दिवसांचं शिबिर: अजिंठा, गाथा आणि फ्रेंच स्वयंपाक, कसं बसवावं?

वाचनकट्टा_लातूर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दहा जणांचं निवासी शिबिर आखायलोत. मुक्काम वेरूळजवळ एका शेतघरात. चित्रं, वाचन आणि फ्रेंच स्वयंपाक असे तीन धागे. सध्याचा आराखडा असा: सोमवारी पहाटे लातूरहून निघून थेट अजिंठा, रात्री क्रोसाँ. मंगळवारी वेरूळ, दुपारी गाथासप्तशती (सातवाहन राजा हालाच्या नावावरचा प्राकृत गाथांचा संग्रह), रात्री कांद्याचं सूप. बुधवारी अजिंठ्याच्या पद्धतीनं चित्र काढणं, शेवटी क्रेम कारामेल, मग परत. स्वयंपाकघरात दोन शेगड्या, एक ओटीजी, फ्रिज. चार जण अंडं खात नाहीत. क्रम जमतोय का? आणि कुठे फसेल?

लेणीवाट

आधी वार बदला. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. तुम्ही नेमके तेच दोन दिवस धरलेत! बुधवार ते शुक्रवार करा आणि मंगळवारी संध्याकाळीच मुक्कामी पोचा.

बुधवारी वेरूळ, पण दुपारी. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दर्शनी भागावर ऊन कलल्यावर पडतं. सकाळ स्वयंपाकाला मोकळी मिळते.

गुरुवार पूर्ण अजिंठ्याला. संभाजीनगरहून अजिंठा साधारण १०० किलोमीटर, वेरूळ ३०. म्हणजे जाऊन-येऊन चार-पाच तास गाडीतच जातात. त्या रात्री पिठलं-भाकरी सांगून ठेवा, फ्रेंच काही नको. गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावून पुढचे ४ किलोमीटर तिथल्या बसनं जावं लागतं. नऊला उघडतं. सगळे आधी १ नंबरच्या लेण्यात घुसतात, म्हणून तुम्ही सरळ १७ आणि १६ गाठा, मग १०, आणि १ व २ परतताना. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. लेसचे बूट घातलेले लोक प्रत्येक दारात गट अडवतात. आत गेल्यावर पाच-दहा मिनिटं काही न बोलता उभं राहायचं. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना सुरुवातीला नुसता तपकिरी अंधार दिसतो, मग १ नंबरमधल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या हातातलं निळं कमळ हळूहळू वर येतं. फ्लॅशला बंदी आहे.

१० नंबरमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८१९ साली चित्रावरच खरडलेलं नाव आहे, ते दाखवा. आणि भिंतीवरचा पिवळट चकाकता थर म्हणजे मूळ रंग नव्हे. निजाम सरकारनं १९२० च्या सुमारास इटालियन तज्ज्ञ आणून चित्रं पक्की करून घेतली, तेव्हाचं लाखेचं वार्निश नंतर पिवळं पडलं. फ्रेंच धागा हवाच असेल तर फ्रान्समधली आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची गुहा इथेच आठवते: १९४० मध्ये सापडली, १९६३ मध्ये लोकांसाठी बंद केली, कारण माणसांच्या श्वासानं भिंती बिघडायला लागल्या. अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यात एका वेळी मोजकेच लोक का सोडतात, ते यावरून कळतं.

चित्राची पाटी जरूर करा. पण अजिंठ्याचं चित्र ओल्या चुन्यावरचं नाही. मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर डिंका-सरसात कालवलेले रंग. म्हणजे पाटी वाळलेलीच हवी, आणि ती तिथं जाऊन तीन दिवसांत होत नाही. एक फूट चौरस प्लायला खिळ्यानं आडवेतिडवे ओरखडे पाडा, लेण्याच्या भिंतीवर छिन्नीचे घाव जे काम करतात तेच. तीन वाट्या चाळलेली माती, एक वाटी बारीक वाळू, एक वाटी भाताचं तूस किंवा बारीक कुट्टी. दोन दिवस भिजवून तुडवा, मग बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीचा थर द्या.

माती शेतातली काळी घेऊ नका. ती वाळताना इतकी आकसते की पाटीवर उन्हाळ्यातल्या रानासारख्या भेगा पडतात. धाब्याच्या घरांवर टाकतात ती पांढरी माती घ्या. सावलीत चार-पाच दिवस वाळू द्या, वर चुन्याचे दोन पातळ हात. रंगांना गेरू, पिवळी माती, काजळी, आणि पांढऱ्यासाठी चुनाच. बाभळीचा डिंक एक भाग, पाणी चार भाग. डिंक जास्त झाला तर रंग चकाकतो आणि पापुद्रा सुटतो, कमी झाला तर बोटाला लागतो. कोपऱ्यात एक रेघ ओढून, वाळवून, अंगठा फिरवून बघितल्याशिवाय चित्राला हात घालू नका. निळ्याचा हट्ट नको. अजिंठ्यालाही तो दगड बाहेरून आणावा लागला होता.

चुलीपाशी

क्रोसाँ काढून टाका. त्यात लोणी थराथरात घट्ट राहावं लागतं. ते १४–१८ अंशांत लवचीक असतं, खोली २४ च्या वर गेली की कणकेत मुरतं आणि थर न सुटता नुसता तेलकट पाव होतो. शिवाय ओटीजी एक, माणसं दहा. त्या ओटीजीचंही बघून घ्या: २००० वॅटचा असेल तर जवळपास ९ अँपिअर ओढतो, साध्या प्लगला लावलात तर तो वितळेल. मोठ्या प्लगची जागा आहे का, आणि त्या गावात लाइट किती वाजता जाते, हे शेतघरवाल्यांना आत्ताच विचारा. ओटीजीविना पार पडेल असाच बेत ठेवलेला बरा.

कांद्याचं सूप ठेवा. दहा जणांना २ किलो कांदा, पातळ उभा, १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी. दोन रुंद पातेल्यांत वाटून घ्या, एकात ढीग केला तर तासाभरानंही खालचा कांदा जळतो आणि वरचा पांढराच राहतो. आपल्याकडे मसाल्याचा कांदा मोठ्या आचेवर कडा काळ्या होईपर्यंत परततात, तो हात इथे चालत नाही. मंद आच, पहिली पंधरा मिनिटं झाकण, मग उघडून सव्वा तास. बुडाला तपकिरी थर धरला की दोन चमचे पाणी घालून खरवडायचा, हे चार-पाच वेळा. सुपाचा रंग आणि चव तिथूनच येते. कांदा चौथाई उरून गुळाच्या रंगाचा झाला की दोन मोठे चमचे मैदा, दोन मिनिटं परतून अडीच लिटर भाज्यांचं गरम पाणी, अर्धा तास उकळी. वाइनऐवजी शेवटी एक छोटा चमचा व्हिनेगर. वरती पावाचे कडक भाजलेले काप आणि चीज. नेहमीचं प्रोसेस्ड चीज सालासारखं घट्ट होतं, गौडा मिळालं तर बघा.

दुसरा पदार्थ गालेत, म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी भागातलं पातळ धिरडं. मूळ कुट्टूच्या पिठाचा, पण तुमच्याकडे ज्वारी असताना कुट्टू शोधत कुठे फिरता? २०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ५० ग्रॅम मैदा, ५५० मिली पाणी, चमचाभर मीठ, दोन तास भिजत. अंडं खाणाऱ्यांच्या पिठात एक अंडं. पीठ ताजं दळलेलं हवं. विरी गेलेलं पीठ भाकरीला जसं दगा देतं तसंच इथेही, उलटताना चिरतं. ज्वारी तळाला बसते म्हणून प्रत्येक पळीआधी ढवळा. बिडाचा तवा चांगला तापवा, तेलाचं फडकं फिरवा, धिरड्याहून पातळ पसरवा. कडा सुटून तपकिरी झाल्याशिवाय हात लावू नका. मध्ये परतलेला पालक आणि चीज, अंडं चालणाऱ्यांना त्यावरच एक फोडून, चारी कडा आत दुमडायच्या. या एवढ्या पिठात आठ-नऊ होतात, दुप्पट धरा.

रातातुई सोपी: वांगी, भोपळी मिरची, कांदा, टोमॅटो, प्रत्येक भाजी वेगळी परतून शेवटी एकत्र. भरताची वांगी घ्या.

आता क्रेम कारामेल. सहा जणांना ६०० मिली दूध, ४ अंडी, २ जास्तीचे बलक, १२० ग्रॅम साखर. दूध कोमट, अंडी फेस न काढता हलकी फेटून, गाळून. साखरेचा पाक मधाच्या रंगाच्या जरा पुढे गेला की लगेच वाट्यांत ओता. काळपट झाला की कडू. वाट्यांवर फॉइल, मोठ्या पातेल्यात निम्म्या उंचीपर्यंत गरम पाणी, मंद आच, ३० ते ४० मिनिटं. पाण्याला खळखळ उकळी आली की कस्टर्डला जाळी पडते. खरवस बिघडतो तसंच हे. दोन्हीकडे उष्णतेनं प्रथिनं घट्ट होतात, आच चढली की ती आवळून पाणी सोडतात. म्हणून अंडं न खाणाऱ्या चौघांसाठी खरवसच करा, त्याच वाट्यांत, त्याच पाकावर. पहिल्या दिवसाचा चीक असेल तर त्याच्या दीडपट दूध, तिसऱ्या दिवसाचा असेल तर दूध जवळपास नकोच.

ओवीगाथा

वाचनाबद्दल दोनच गोष्टी. गाथासप्तशती सलग वाचायला ठेवू नका, दहाव्या गाथेनंतर माना डुलतात. दहा निवडा, दोघांना मिळून दोन-दोन, शब्दार्थांसह. चाळीस मिनिटांत आजच्या मराठीत आणा. यमक जुळवायला बंदी. खरी मेख अशी की बोलतंय कोण हे गाथेत बहुधा सांगितलेलंच नसतं: मैत्रीण, सासू, की वाटसरूला आडून सुचवणारी घरधनीण? ते आधी ठरवलं नाही तर भाषांतर निर्जीव होतं. एकच गाथा दोन जोड्यांना द्या आणि फरक ऐका.

फ्रेंच दुवा बाहेरून चिकटवायची गरज नाही. जुना दखनी-उर्दू कवी वली औरंगाबादी याचं काव्य फ्रेंच अभ्यासक गार्सां द तासी यांनी १८३४ मध्ये पॅरिसला छापलं. मराठी भाषेची घडण सांगणारा झ्यूल ब्लॉक यांचा १९२० चा ग्रंथ फ्रेंचमध्येच लिहिला गेला. वलीची एक गझल आधी मोठ्यानं, मग अर्थासह, एवढं एका संध्याकाळला पुष्कळ. शुक्रवारी परतताना थोडी वाकडी वाट करून पैठणला थांबा आणि नाथांचं एखादं भारूड तिथेच म्हणा. सातवाहनांची राजधानीही तीच.

वाचनकट्टा_लातूर

वार बदलले, क्रोसाँ गेलं. पाट्या इथूनच वाळवून नेतो. एकच राहिलं: डिसेंबरात ऐन वेळी चीक मिळाला नाही तर?

चुलीपाशी

तर ब्लाँ-मांजे, म्हणजे बदामाच्या दुधाची थिजवलेली फ्रेंच मिठाई. चौघांना ५०० मिली दूध, ५० ग्रॅम सोललेले बदाम त्याच दुधात वाटून गाळलेले, ६० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम चायना ग्रास. चायना ग्रास आधी वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, एकही दोरा दिसता कामा नये, आणि गरम दुधातच ओता. दूध गार असेल तर तिथल्या तिथे गुठळ्या धरतात. पाट्या गाडीत उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.