मदत हवी आहे: रुळातील ताण अल्ट्रासॉनिक लहरींनी मोजताना तापमानाचा परिणाम वेगळा कसा काढावा?

नमस्कार. सलग वेल्ड केलेल्या रुळातील लांबीच्या दिशेचा ताण रूळ न कापता मोजता यावा, यासाठीच्या एका प्रकल्पावर मी काम करत आहे. प्रयोगशाळेत पद्धत चांगली चालते. प्रत्यक्ष मार्गावर मात्र मिळालेल्या आकड्यांवर कितपत विसंबावे हे ठरवता येत नाही. या विषयात काम केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सलग रुळाला प्रसरण पावायला वाव नसतो, त्यामुळे तो तापला की त्याच्यात दाब साठतो आणि गार पडला की ओढ निर्माण होते. हा ताण दर अंश सेल्सिअसला सुमारे २.४ मेगापास्कल असतो. ६० किलो प्रतिमीटरचा रूळ ताणमुक्त तापमानापेक्षा (ज्या तापमानाला त्याच्यात दाबही नसतो आणि ओढही नसते) ३० अंशांनी अधिक तापला, तर त्याच्यात सुमारे ५५ टनांचा दाब तयार होतो. उन्हात रूळ वाकून बाजूला फेकला जाणे आणि कडक थंडीत वेल्ड तुटणे, या दोन्हींचे मूळ इथेच आहे. रुळाचे आजचे तापमान साध्या तापमापीने कळते. तो कोणत्या तापमानाला ताणमुक्त असेल हे मात्र बघून कळत नाही, आणि दुरुस्तीनंतर किंवा रूळ हळूहळू सरकल्यामुळे ते तापमान बदललेलेही असते. मला शोधायची आहे ती हीच एक संख्या.

ताणाबरोबर लहरींचा वेग बदलतो, याचे गणित ह्यूज आणि केली यांनी १९५३ मध्ये मांडले, आणि रुळाच्या पोलादासाठीचे स्थिरांक एगल आणि ब्रे यांनी १९७६ मध्ये मोजून प्रसिद्ध केले. त्याच आधारावर मी पर्स्पेक्सच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या) वेजवर, म्हणजे पाचरीवर, लहर सोडणारा एक प्रेषक आणि ती टिपणारे दोन ग्राहक प्रोब बसवले आहेत. वेजचा कोन साडेसत्तावीस अंशांच्या आसपास ठेवला की अनुदैर्घ्य लहर (जिच्यात कंपन लहरीच्याच दिशेने होते) पृष्ठभागाच्या लगत, रुळाच्या लांबीला समांतर धावते. रूळ वाकल्याने येणारा ताण मोजमापात मिसळू नये म्हणून मी वेबवर (रुळाचे वरचे डोके आणि खालचा पाय यांना जोडणाऱ्या उभ्या भागावर), उदासीन अक्षापाशी, म्हणजे वाकण्याचा ताण शून्य असतो तिथे, मोजतो.

अडचण अशी आहे की हा परिणाम फारच सूक्ष्म आहे. दोन ग्राहकांमधील २०० मिलिमीटर अंतर कापायला लहरीला सुमारे ३४ मायक्रोसेकंद लागतात आणि १ मेगापास्कलने त्यात जेमतेम ०.४ नॅनोसेकंदाचा फरक पडतो. म्हणजे पूर्ण जखडलेला रूळ १ अंशाने तापला, तर वाढलेल्या दाबामुळे हा वेळ सुमारे १ नॅनोसेकंदाने कमी होतो. पण त्याच १ अंशाने पोलादातील लहरींचा वेग मंदावतो आणि वेळ ३ नॅनोसेकंदांहून अधिक वाढतो. जे मोजायचे आहे, ते त्याच्या तिप्पट मोठ्या आणि उलट दिशेच्या परिणामाखाली दडलेले आहे.

मोकळ्या तुकड्यावर प्रयोगशाळेत काढलेला तापमानाचा गुणांक (दर अंशाला वेळ किती बदलतो तो आकडा) मार्गावरील रुळाला लावणे योग्य ठरेल का? आणि तो लावला तरी शून्य ताणाचा वेळ कोणता धरावा? एकाच प्रकारच्या दोन रुळांचे मूळ वेळही एकसारखे येत नाहीत.

प्रतिसाद १

आपण प्रश्न नेमका मांडला आहे. गुणांक लावता येईल, पण तो किती अचूक हवा याचा हिशेब आधी करून पाहावा. ३० अंशांच्या फरकात तापमानाची दुरुस्ती सुमारे १०० नॅनोसेकंदांची होते. तिच्यात ५ टक्क्यांची चूक राहिली तर ती ५ नॅनोसेकंदांची, म्हणजे १२-१३ मेगापास्कलची, म्हणजेच ताणमुक्त तापमानात सुमारे ५ अंशांची होते. म्हणून पुस्तकातला गुणांक घेऊ नये. त्याच रुळाचा कापलेला तुकडा मिळत असेल तर तो मार्गाशेजारी, त्याच उन्हात मोकळा ठेवावा आणि दोन्हींवर एकाच वेळी मोजावे. तापमान वेबवर, प्रोबजवळच घ्यावे, कारण उन्हाकडची आणि सावलीतली बाजू सारखी तापलेली नसते.

शून्याचा प्रश्न याहून अवघड आहे. कारखान्यात रोलरमधून सरळ करताना रुळात अवशिष्ट ताण (बाहेरचा भार नसतानाही आत उरलेले ताण) राहतात: डोक्यात आणि पायात ओढ, वेबमध्ये दाब. युरोपीय मानकात नव्या रुळाच्या पायासाठीच या ताणाची मर्यादा २५० मेगापास्कल आहे, यावरून आपल्या २.४ मेगापास्कलशी त्याची तुलना करावी. शिवाय रोलिंगमुळे धातूच्या कणांना दिशा येते आणि मूळ वेग रुळागणिक थोडा बदलतो. अनोळखी रुळावर प्रोब ठेवून एका वाचनात निरपेक्ष ताण सांगता येईल, ही अपेक्षा माझ्या मते सोडून द्यावी.

मात्र रूळ ताणमुक्त करण्यासाठी जेव्हा कापतात आणि क्लिपा सोडतात, तेव्हा त्याच्यातील तापमानजन्य ताण खरोखर शून्य असतो. त्या वेळी खूण केलेल्या जागांवर वेळ आणि तापमान नोंदवून ठेवावे. अवशिष्ट ताण आणि कणांची रचना दोन्ही त्या नोंदीत सामावतात, आणि पुढे त्याच जागी फक्त बदल मोजायचा उरतो. चाकांखाली डोक्यातले अवशिष्ट ताण बदलत राहतात, त्यामुळे आपण वेब निवडली हे योग्यच आहे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मोकळ्या तुकड्याची व्यवस्था करता येईल. आणखी एक शंका आहे: एकाच जागी, एकाच तापमानाला प्रोब उचलून पुन्हा ठेवले तरी वाचन काही नॅनोसेकंदांनी हलते. दोन ग्राहकांमधील फरक घेतल्यावर हे नाहीसे व्हायला हवे होते. यापेक्षा आडव्या लहरींची (ज्यांत कंपन लहरीच्या दिशेला लंब असते) पद्धत बरी पडेल का?

प्रतिसाद २

दोन ग्राहकांमुळे प्रेषकाखालील थराचा परिणाम जातो, पण प्रत्येक ग्राहकाखालचा कपलंटचा (लहर प्रोबमधून रुळात जावी म्हणून मध्ये लावलेल्या तेलासारख्या द्रवाचा) थर वेगळाच राहतो. तेलातील वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर धरला, तर थराच्या जाडीतील ०.०१ मिलिमीटरचा फरकसुद्धा ६ नॅनोसेकंदांच्या घरात जातो. तिन्ही प्रोब एकाच ताठ चौकटीत बसवून चुंबकाने किंवा स्प्रिंगने दर वेळी सारख्याच दाबाने टेकवावेत. गंज आणि रंग काढून पृष्ठभाग सारखा करून घ्यावा आणि वाचन स्थिरावण्यासाठी थोडा वेळ द्यावा. कायमच्या निरीक्षणासाठी प्रोब चिकटवून टाकणे उत्तम.

आडव्या लहरींत कंपनाची दिशा एकदा रुळाच्या लांबीला समांतर आणि एकदा तिला लंब ठेवून, वेबच्या जाडीतून त्याच मार्गाने दोनदा मोजतात. दोन वेळांचे गुणोत्तर घेतले की जाडी गणितातून निघून जाते आणि तापमानाचा परिणामही बहुतांशी वजा होतो. विद्युतचुंबकीय प्रोब वापरल्यास कपलंटही लागत नाही, पण त्यांचा संकेत क्षीण असल्याने अनेक वाचनांची सरासरी घ्यावी लागते. कणांच्या रचनेचा परिणाम मात्र याही पद्धतीत उरतो, त्यामुळे रूळ मोकळा असतानाची नोंद इथेही घ्यावीच लागेल. शक्य असल्यास त्या वेळी दोन्ही पद्धतींची वाचने त्याच खुणांवर घेऊन ठेवावीत.