चर्चा: लिफ्ट देणाऱ्याची भीती वाटते, मग एकट्याच्या रानाची का नाही?

निवांतराव
भाची 24 वर्षांची. नोकरी सोडून महिनाभर फिरणार आहे. आधी तीन आठवडे रस्त्याकडेला उभं राहून लिफ्ट मागत, मग आठ दिवस रानात, तंबू घेऊन, एकटीच. घरात गदारोळ चाललाय तो फक्त पहिल्या तीन आठवड्यांवरून. ‘कुणाच्याही गाडीत बसणार?’ हा एकच धोशा. रानाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आमची ताई तर म्हणाली, तिथे निदान माणसं तरी नाहीत!

मला हे पार उलटं वाटतं. माणसाशी बोलता येतं. गाडी थांबली की काचेतून वाकून दोन वाक्यं बोलायची, मन कचरलं तर ‘नको, मैत्रीण येतेय’ म्हणून मोकळं व्हायचं. नदीला अशी थाप मारता येत नाही.

ख्रिस मॅककँडलेस आठवा. 1992 च्या एप्रिलमध्ये हा 24 वर्षांचाच मुलगा लिफ्ट घेत घेत अलास्कात पोचला. शेवटची लिफ्ट देणारा इलेक्ट्रिशियन त्याचं सामान बघून हबकला. तांदळाची एक पिशवी, हलकी रायफल आणि पाणी आत येणारे बूट. शहरात नेतो, सामान घेऊन देतो, इथवर तो माणूस बोलला. पोरगा ऐकेना, तेव्हा स्वतःचे रबरी बूट आणि जेवण त्याच्या हातात ठेवलं. हा झाला अनोळखी माणूस. आता रान बघा. जुलैत पोरगा परत निघाला तर एप्रिलमध्ये ओलांडलेली टेकलानिका नदी बर्फ वितळून फुगलेली. मागे फिरला, एका पडीक बसमध्ये राहिला आणि ऑगस्टमध्ये तिथेच गेला. शिकाऱ्यांना देह सापडला तेव्हा वजन जेमतेम 30 किलो. त्याच नदीवर किलोमीटरभराच्या आत तारेवरून हाताने ओढायचा पाळणा होता. जवळ धड नकाशा नव्हता, त्यामुळे याला त्याचा पत्ताच नाही.

तर ताईने घाबरायचं कशाला, माणसांना की रानाला? मतं सांगा.

पाऊलखुणा
राव, तुम्ही पुरुष आहात हे ‘मैत्रीण येतेय म्हणून मोकळं व्हायचं’ इथेच कळलं.

मी लिफ्ट घेतलेली आहे, बऱ्याचदा. त्यातली एक सांगते. संध्याकाळ, घाटरस्ता, शेवटची बस चुकलेली. पन्नाशीचे गृहस्थ, स्वच्छ गाडी, मागच्या सीटवर लहान मुलाची छत्री. ती छत्री बघूनच बसले. पाच मिनिटांनी त्यांनी सहज विचारलं, ‘तू आत्ता कुठे आहेस हे घरी माहितीये का?’ मी म्हटलं, हो, भाऊ पुढच्या फाट्यावर उभा आहे. भाऊ वगैरे कुणी नव्हता. पुढची चाळीस मिनिटं मी दाराच्या हँडलवर हात ठेवून बसले होते. घाट म्हणे सुंदर आहे, मला एक वळण आठवत नाही. फाट्यावर त्यांनी उतरवलं, राहिलेली पाण्याची बाटली द्यायला गाडी मागे घेतली आणि भाऊ दिसेना म्हणून थांबू का, असंही विचारलं.

काळजीने विचारलं होतं की चाचपून बघत होते, मला आजही माहीत नाही. तुमच्या हिशोबात हा प्रवास ‘काही झालं नाही’ या खात्यात जमा होईल. माझ्या हिशोबात तो तसा नाही.

आणि नाव घ्यायचंच तर पिप्पा बाक्काचंही घ्या. इटलीची कलाकार. माणसांवर विश्वास ठेवता येतो हे दाखवायलाच लग्नाचा पांढरा पोशाख घालून लिफ्ट घेत निघाली होती. 2008 मध्ये तुर्कस्तानात तिला लिफ्ट देणाऱ्यानेच मारलं.

तिरकस
पाऊलखुणांना +1. शिवाय ऑस्ट्रेलियातला खुनी इव्हान मिलाट. बेलांग्लोच्या जंगलात 1992-93 मध्ये सात जणांचे देह सापडले, बरेचसे लिफ्ट मागत फिरणारे परदेशी. त्यात मुलगेही होते, जोडीने फिरणारेही होते. तेव्हा ‘बोलून माणूस कळतो’ वगैरे राहू द्या.

निवांतराव
@पाऊलखुणा, बाटलीचा प्रसंग वाचून गप्प झालो. माझ्या बोलण्यात तो खर्च धरलेला नव्हता, मान्य.

@तिरकस, मिलाटची पुढची गोष्टही सांगा ना. 1990 मध्ये एक ब्रिटिश तरुण त्याच्या गाडीतून उडी मारून पळाला. त्याला वाचवलं कुणी? भर हमरस्त्यात गाडी थांबवून आत घेणाऱ्या एका अनोळखी बाईने. पुढे मिलाटला शिक्षा झाली त्यात याच तरुणाची साक्ष मोठी होती.

अनोळखी लोक सरसकट बदमाश नसतात याला आकडाही आहे. 2019 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 40 देशांत 17 हजारांवर पाकिटं ‘सापडली’ म्हणून मुद्दाम लोकांच्या हाती दिली. रिकामी पाकिटं मालकाला कळवणारे सुमारे 40 टक्के, पैसे असलेली कळवणारे 51. जास्त पैसे, जास्त प्रामाणिकपणा!

तिरकस
तो अभ्यास मीही वाचलाय. पाकिटं कुणाच्या हाती दिली होती? बँका, हॉटेलं, पोस्ट अशा ठिकाणी काउंटरवर बसलेल्यांच्या. दिवसाढवळ्या, कामाच्या जागी. तोच माणूस रात्री निर्जन रस्त्यावर कसा वागेल हे त्या आकड्यात नाही. उगाच ताणू नका.

साम्यवादी पोलंडमध्ये लिफ्टची सरकारी योजनाच होती. प्रवाशाकडे कुपनांचं पुस्तक, चालकाला अंतराप्रमाणे कुपनं आणि त्यावर बक्षिसं. विश्वास होताच, पण त्याच्या जोडीला कागद होता.

स्टिअरिंग
दुसऱ्या बाजूनेही कुणी बोलाल का? मी गाडी चालवतो. आधी थांबायचो, आता नाही. काही वाईट घडलं म्हणून नव्हे. एकदा पावसात एकटी मुलगी उभी होती, मी वेग कमी केला तशी ती दोन पावलं मागे सरकली. तिचं बरोबरच होतं. पण त्यानंतर माझा पाय ब्रेकवर जातच नाही. वरचा घाटातला प्रसंग वाचून वाटलं, ते गृहस्थही आता थांबत नसतील.

दोरखंड
विषय पुन्हा रानाकडे नेतो. बरीच वर्षं शोधपथकात स्वयंसेवक आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

निवांतराव, मुद्दा पटला, पण तुम्ही अर्ध्यात सोडलात. रानात माणसं मरतात ती वाघा-अस्वलांनी क्वचितच. घोटा मुरगळतो, कपडे भिजतात, रात्री वारा सुटतो, अंगातली ऊब जाते. थंडीने गारठलेल्याचे हातपाय जातातच, डोकंही जातं. काही जण तर शेवटी गरम होतंय म्हणून कपडे काढून टाकतात. सोबत कुणी असेल तर तो म्हणतो, ‘अरे, तू बरळतोयस, बस खाली.’ एकट्याला हे सांगणारं कुणी नसतं.

बर्फाचं पाणी येणाऱ्या नदीचं गणित वेगळं. दिवसा ऊन तापलं की पाणी चढतं, पहाटे सगळ्यात कमी असतं. दुपारी पार होईना तर काठावर मुक्काम करायचा. उतरताना पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा. पाय सुटला तर पिशवी फेकता आली पाहिजे, नाहीतर तीच तोंड पाण्याखाली दाबते. मॅककँडलेसची बस बघायला जाताना त्याच टेकलानिकात 2010 आणि 2019 मध्ये दोन तरुणी बुडाल्या. शेवटी 2020 मध्ये हेलिकॉप्टरने बसच उचलून नेली.

आणि ‘घरी सांगून जा’ एवढंही पुरत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर 2013 मध्ये 66 वर्षांची एक बाई शौचासाठी वाट सोडून आत गेली आणि चुकली. नवरा पुढे वाट बघत होता, शोधही लगेच सुरू झाला. तिने नवऱ्याला मेसेज केले, रेंज नव्हती, एकही गेला नाही. तंबूत जवळजवळ चार आठवडे जिवंत होती. 2015 मध्ये देह सापडला, ट्रेलपासून फार लांब नाही. म्हणून म्हणतो, मुलीला 406 मेगाहर्ट्झचं बीकन, म्हणजे बटण दाबलं की संकटाचा इशारा पाठवणारं यंत्र, घेऊन द्या. मोबाइलची रेंज लागत नाही, उपग्रहाकडून थेट बचाव यंत्रणेला ठिकाण कळतं.

अनवट
झालं! बीकन, नकाशा, नातेवाइकांना वेळापत्रक. मग एकटं जायचं कशाला? बटण दाबलं की हेलिकॉप्टर येणार हे माहीत असेल तर ते रान नव्हे, बाग. माणूस एकटा जातो तो कुणी वाचवायला येणार नाही हे अनुभवायलाच.

दोरखंड
अनवट, तुम्हाला शोधायचं की नाही हे तुम्ही ठरवत नाही. तुमची आई फोन करते आणि आम्ही निघतो. रात्री, त्याच नदीतून. गेल्या वर्षी अशाच एका ‘मला शोधू नका’वाल्यासाठी आमच्यातल्या एकीचा खांदा निखळला. तो बहाद्दर दुसऱ्याच वाटेने उतरून खोलीवर झोपला होता.

अनवट
हे मनात आलं नव्हतं. तरी बागेचा मुद्दा सोडत नाही.

पाऊलखुणा
सोडूही नका, मला तो थोडा कळतो. रानात पहिल्या रात्री मी सगळ्यात शांत झोपले होते, कारण खरंच तिथे माणसं नव्हती. निवांतराव, तुमच्या ताई अगदीच चुकत नाहीयेत. आता दोरखंडांचं वाचून त्या झोपेचीच भीती वाटतेय.

निवांतराव
धागा भाचीला वाचायला दिला. बीकनला तयार झाली. लिफ्टसाठी तिने स्वतःच ठरवलंय की अंधार पडल्यावर नाही, आणि बसण्याआधी गाडीच्या नंबराचा फोटो, चालकाला दिसेल असा, मैत्रिणीला पाठवायचा. पाऊलखुणांची ‘चाळीस मिनिटं’ तिने दोनदा वाचली, बोलली काही नाही.

आता भांडण वेगळंच आहे. रानातून ठरल्या वेळी बाहेर आली नाही तर किती तासांनी शोधपथकाला फोन करायचा? ती म्हणते चोवीस, आई म्हणते दोन. दोरखंड, तुम्ही एक आकडा सांगा हो, फोन स्पीकरवर ठेवून दोघी बसल्यात.