मदत हवी आहे : घाटात सतत ये-जा असलेल्या सात जणांच्या कुटुंबाला हायब्रिड हायक्रॉस कितपत सोयीची?

नमस्कार. आम्ही खानापूरचे, घरात सात माणसे असून महिन्यातून दोनदा तरी जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणे होते. जुनी डिझेल गाडी काढून इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड (पेट्रोल इंजिन व विजेची मोटर दोन्ही असलेली) घेण्याचा विचार आहे. लिटरला २३.२४ किलोमीटरचा प्रमाणित आकडा व बॅटरीवरील ८ वर्षांची हमी कागदावर पटते. परंतु इनोव्हा क्रिस्टाच्या इंजिनाचा जोर मागील चाकांवर असतो, तर हिचा पुढील चाकांवर असल्याने, पावसाळ्यात सामानासह भरलेली गाडी घाट चढताना कशी वागते, हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे. गुडघेदुखी असलेल्या सासूबाई तिसऱ्या रांगेत शिरताना मधल्या खुर्चीची पाठ घट्ट धरून होत्या (त्यांना पुढेच बसवावे लागेल, हे उघड आहे). प्रत्यक्षात घाटरस्त्यावर लिटरला किती किलोमीटर मिळतात?